आतून

सुआमे मॅगझिनच्या तिसऱ्या गल्लीत,
जिथे गिअरबॉक्स आणि बकऱ्या एकाच सावलीला बसतात,
मामे पोमाने मोटार आमच्या ओट्यावर आदळली.
दुमसोरनंतर वीज आली ती पिसाळूनच आली, म्हणाली,
धूर निघाला, गिरणी बंद,
दोन पिंपं मका आंबून बसलाय
आणि उद्या पहाटे पाचला केंकीसाठी दारात रांग.

वोफा ब्रेन्याने झाकण काढलं.
आधी वास बाहेर आला,
जळक्या वार्निशचा,
जो माझ्या केसांतून रविवारीही जात नाही.

वेटोळी लालसर, चमकती, तांब्याच्या रंगाची.
त्याने एक टोक छाटलं
आणि आतून निघालं
पांढरं.

"फसवलं!"
मामे पोमा अशी ओरडली
की शेजारचा वेल्डर काच वर करून बघू लागला.
"तांबं म्हणून गळ्यात मारलं! हे तर पातेल्यांचं ॲल्युमिनियम,
समोरच्या भट्टीत ओततात ते!
वर रविवारचे कपडे, आत सोमवार!"

वोफा भांडत नाही. तराजू काढतो.
एकाच मापाच्या दोन गुंडाळ्या, एक तांब्याची, एक हिची.
"तिकडे तीन पोती, इकडे एक. बघ.
वीज मात्र ही शंभरातली साठच नेते,
म्हणून जाड घ्यावी लागते, खाच मोठी ठेवावी लागते.
कारखान्याने ठेवली होती.
खोटं लिहिलं ते पाटीवर.
तारेने काहीच लिहिलं नव्हतं."

मग मला, "नख लाव, तिवा."
लावलं. मुलामा सुटेना.
बोटाभोवती गुंडाळली. तडा नाही.
पापुद्र्यावर पापुद्रा,
भट्टीतून बारा-चौदा फेऱ्या,
सगळे मिळून माझ्या एका केसाएवढे जाड नाहीत
आणि एकशे ऐंशी अंशांत
वर्षानुवर्षं बसून राहतात.

दोनशे चाळीस वेढे मी मोजले,
ट्रोट्रोत कोंबल्यासारखे, मांडीला मांडी लावून,
आणि कुणाचं कुणाशी अवाक्षर नाही.
बोलले की संपलं.
आमच्या घरी दोन खोल्यांत आम्ही नऊ जण.
आईने आमच्यावर
नेमका कशाचा हात फिरवला असेल?

"जळलं ते इथे," वोफा म्हणाला.
टोकाशी, जिथे कुणीतरी घाईत
हिला तांब्याची शेपटी पिळून बांधली होती.
ना खरवडलं, ना दाबलं.
या धातूवर साय धरते,
दुधावर धरते त्याहून लवकर,
खरवडून पातं खाली ठेवेस्तोवर नवी.
कथलाचा डाग तिच्यावर बसत नाही.
सायीतून वीज जाते ती धापा टाकत,
धापेची ऊब होते, उबेचा जाळ,
आणि नाव मात्र तारेचं खराब.

वेटोळी त्याने तशीच ठेवली.
टोक खरवडलं, लगेच वंगणात बुडवलं,
नळीत घालून चिमट्याने असं दाबलं
की त्याच्या मानेची शीर उभी राहिली.
मोटार आधी खोकली. मग फिरली.

मामे पोमाने अर्धेच पैसे मोजले.
"उरलेले केंकी खपल्यावर. आणि पुन्हा जळली
तर तुझ्याच डोक्यावर आणून टाकीन."
वोफाने मान हलवली, खिळा उचलला,
पाटीवरचा 'तांबं' हा शब्द खरवडून काढला.
खाली नवं काही लिहिलं नाही.
तिने त्या रिकाम्या जागेवरून अंगठा फिरवला,
मोटार डोक्यावर घेतली, गेली.

रात्रभर हरमॅटनची धूळ.
सकाळी दुकान उघडलं तर ओट्यावर
दोन केंकी, पानात करकचून गुंडाळलेल्या,
वरून काळपट, भाजल्यासारख्या.
पैसे नव्हते.
वोफा हसला नाही, पण एक माझ्याकडे सरकवली.
मी पान सोडलं.
वाफ. आणि पांढरी.